पंप, चूर्ण आणि ती पांढरी पुडी

वाचकाचे पत्र :

मी ४१ वर्षांची असून करवीर तालुक्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत दरवर्षी मला सकाळी ओळीने वीस-पंचवीस शिंका येतात, नाक चोंदते, डोळ्यांना खाज सुटते आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकला व छातीत घरघर सुरू होते. घरामागेच चुलत दिरांचे गुऱ्हाळ आहे. कोल्हापुरातील छातीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची सर्दी आणि दमा असे निदान करून रात्रीची एक गोळी (मॉन्टेलुकास्ट व लेव्होसेटिरिझिन), नाकात मारायचा स्प्रे आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (इनहेलर) दिला. सासूबाईंच्या आग्रहाने मंगळवार पेठेतील एका वैद्यांकडेही गेले. त्यांनी मधातून सितोपलादि चूर्ण, अडुळशाचा अवलेह, ज्येष्ठमधाचा काढा आणि सकाळी नाकात अणुतेल सांगितले. यांचे औषध त्यांना सांगितलेले नाही आणि त्यांचे यांना. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र गोळी पाच वर्षे चालू आहे, तीही वैद्यांना सांगायची राहिली. दिवाळीत एका नात्यातल्या बाईंनी दम्याच्या पुड्या आणून दिल्या. तिसऱ्याच दिवशी दमा गेल्यासारखे वाटले, म्हणून पंप बंद केला. आता अडीच महिने रोज एक पुडी घेते. भूक वाढली आहे, वजन पाच किलोंनी वाढले आहे, पण रक्तदाब वर जातो आणि रात्री पायात गोळे येतात. दोन्ही उपचार एकत्र चालतात का? पंपाची सवय लागते हे खरे का? प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल सुरू करू का? आणि आणखी एक : गुऱ्हाळावर जुने चिपाड उचलले की सासऱ्यांना संध्याकाळी ताप भरतो. त्यांनाही दमाच असेल का?

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे मी वळणारच आहे, पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करतो, कारण तुमच्या पत्रात सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. ती म्हणजे पुडी.

जिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक नाही आणि जी तीन दिवसांत वर्षानुवर्षांचा दमा बंद करते, अशा पुडीत स्टिरॉइडची कुटलेली गोळी मिसळलेली असण्याचा संशय कोणत्याही छातीच्या डॉक्टराला आधी येतो. तपासणी झाल्याशिवाय तुमच्या पुडीत तीच आहे असे मी म्हणणार नाही. मात्र वाढलेली भूक, अडीच महिन्यांत पाच किलो वजन आणि औषध चालू असताना चढणारा रक्तदाब ही तीन लक्षणे एकत्र आली की संशय बळावतो. कागल तालुक्यातून माझ्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याची आठवण येते. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली भुरकट पांढरी पूड त्यांनी टेबलावर ठेवली आणि गावात सगळे ‘तब्येत सुधारली’ म्हणतात, असे कौतुकाने सांगितले. गाल फुगून चेहरा गोल झाला होता, दंडावर साध्या खरचटण्याने काळेनिळे डाग पडले होते आणि उपाशीपोटी तपासलेली रक्तशर्करा भलतीच वर होती. आपल्याकडे चेहरा भरला की तब्येत सुधारली असे मानायची रीत आहे, त्यामुळे हा धोका नेमका कौतुकाच्या आड लपतो.

आता यातील सर्वांत महत्त्वाचे. हे वाचून घाबरून उद्यापासून पुडी एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, बनवणे कमी करतात, आणि कित्येक आठवड्यांनंतर ते अचानक थांबवले तर अतोनात थकवा, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होऊ शकतात, शिवाय दमाही उसळून येतो. म्हणून येत्या दोन दिवसांत, उरलेल्या पुड्या आणि त्यांचे कागद जसेच्या तसे घेऊन, तुमच्या छातीच्या डॉक्टरांकडे जा. सकाळचे कॉर्टिसोल, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील पोटॅशियम तपासून पुडी कशी कमी करायची ते तेच ठरवतील. तोवर पंप मात्र आज रात्रीपासूनच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात, पुन्हा सुरू करा. ते रागावतील म्हणून संकोच करू नका. पुडी घेऊन आलेला रुग्ण आम्हाला पुडी लपवून आलेल्या रुग्णापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

पंपाच्या सवयीबद्दल. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि ती रोज थोडी थोडी दाबून ठेवावी लागते. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो तो सूज परत आल्यामुळे. चष्मा काढल्यावर फळ्यावरची अक्षरे पुसट होतात म्हणून चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही. पंपातही स्टिरॉइडच असते हे खरे आहे आणि ते मी लपवत नाही, पण मात्रेचा हिशेब पाहा. बुडेसोनाइडच्या पंपाच्या एका दाबात बहुधा १०० ते ४०० मायक्रोग्रॅम औषध असते, आणि प्रेडनिसोलोनची सर्वांत नेहमीची लहान गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅमची. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्याने ही तुलना तंतोतंत नाही, तरी एक थेट नळीत जाते आणि दुसरी आधी सगळ्या शरीरातून फिरते, हा फरक उरतोच. म्हणजे पंपातल्या स्टिरॉइडच्या भीतीने तुम्ही जी पुडी धरलीत, तिच्यातूनच कदाचित त्याहून कितीतरी जास्त स्टिरॉइड तुमच्या पोटात गेले असेल.

पंप ओढण्याची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. बहुतेक जण दाबतात आधी आणि श्वास घेतात नंतर, त्यामुळे औषधाचा ढग ओठांतून परत बाहेर येतो आणि पैसे हवेत जातात. दाबून घ्यायचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. श्वास पूर्ण सोडून, पंप दाबताना सावकाश खोल श्वास आत घ्या, दहा सेकंद रोखून धरा आणि नंतर खळखळून चूळ भरून ती थुंकून टाका, म्हणजे तोंड येत नाही आणि आवाज बसत नाही. शिक्षिकेला हे शेवटचे विशेष उपयोगाचे आहे. नाकाच्या स्प्रेचेही तसेच. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक नाकाच्या मधल्या पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने, आणि जोरात ओढायचे नाही. त्याचा पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात. चार दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणत बाटली कपाटात जाते, हे मी रोज पाहतो. पुढच्या वर्षी गळीत हंगाम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीच स्प्रे सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता वैद्यांच्या औषधांकडे येतो. मी स्वतः आधुनिक वैद्यकातला माणूस आहे, तेव्हा आयुर्वेदाविषयी अधिकाराने बोलणार नाही, पण जे दोन्हीकडून दिसते ते सांगता येते. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातील तमकश्वासाचे वर्णन तुमच्या पत्राशी विलक्षण जुळते : रात्री घुसमट, उठून बसल्यावर बरे वाटणे, ढगाळ व थंड हवेत त्रास वाढणे. त्याच अध्यायात धूळ, धूर, वारा, थंड जागा आणि थंड पाणी ही कारणे दिली आहेत. आणि तमकश्वासाला तिथे ‘याप्य’ म्हटले आहे, म्हणजे उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा. नुकताच सुरू झालेला असेल तरच साध्य. ‘दमा मुळापासून घालवतो’ अशी पाटी लावणारा माणूस त्यामुळे आधुनिक वैद्यकाच्याच नव्हे, चरकाच्याही विरोधात बोलत असतो. कायदाही तेच सांगतो : औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये ज्या आजारांवर बरे करण्याचा दावा औषधाने करू नये असे म्हटले आहे, त्या यादीत दमा आहे.

तुमच्या वैद्यांनी दिलेल्या चार गोष्टींपैकी तीन तुमच्या पंप, स्प्रे आणि गोळीसोबत चालू ठेवायला मला मोठी हरकत दिसत नाही. अडुळसा तर आमच्याही घरातलाच. त्यातील व्हॅसिसिन या घटकाच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्सिन आणि पुढे अ‍ॅम्ब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे आली, आणि तुमच्या गावातल्या औषधांच्या दुकानातल्या खोकल्याच्या निम्म्या बाटल्यांवर आज यांपैकी एकाचे नाव दिसेल. (गरोदरपणात मात्र अडुळसा टाळतात, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतो.) फक्त अडुळशाने कफ सुटतो म्हणून श्वासनलिकेची सूज उतरली असे समजू नका. ती दोन कामे वेगवेगळी आहेत.

सितोपलादि चूर्णाचे पारंपरिक माप १६ भाग खडीसाखर, ८ भाग वंशलोचन, ४ भाग पिंपळी, २ भाग वेलची आणि १ भाग दालचिनी असे आहे. म्हणजे एकतीस भागांत सोळा भाग साखर, वर मध. एरवी याकडे मी दुर्लक्ष केले असते, पण पुडीच्या संशयामुळे तुमची साखर तपासली जाईपर्यंत हे लक्षात ठेवायला हवे. पिंपळीतील पायपेरीन हे काही औषधे शरीरात मोडण्याची क्रिया मंद करते आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वाढवू शकते. थिओफायलिन या दम्याच्या औषधाच्या बाबतीत हे दिसून आले आहे, आणि त्या औषधाची उपयोगाची मात्रा व त्रासाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. तुम्हाला आज थिओफायलिन नाही, पण कधी दिले गेले तर चूर्णाचा उल्लेख त्याच क्षणी करा. दोन औषधांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे असे सांगतात आणि ती सवय चांगलीच आहे, मात्र अशा प्रकारचा परिणाम घड्याळ पाहून टळत नाही.

अणुतेलाला मी नाही म्हणणार नाही, पण ते सकाळी आणि स्प्रे रात्री असे ठेवा, कारण तेलाचा थर असलेल्या अस्तरावर स्प्रे नीट बसणार नाही. एकेक नाकपुडीत वैद्यांनी सांगितले तेवढेच थेंब घाला आणि जोराने ओढून छातीत नेऊ नका. फुप्फुसात उतरलेले तेल तिथे दाह निर्माण करते. घरातल्या लहान मुलांच्या नाकात ते कुणीही घालू नये, तूपही नाही. याशिवाय तुम्ही मिठाच्या पाण्याने नाक धुतलेत तर शाळेतून आल्यावर खडूची धूळ आणि गुऱ्हाळाची काजळी दोन्ही निघून जाईल. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ हे माप धरा. पाणी उकळलेलेच हवे. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात कधीही नको.

राहिला ज्येष्ठमधाचा काढा, आणि तो मात्र बंद करा. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि लघवीवाटे पोटॅशियम गमावते. रक्तदाब त्याने चढतो. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइडही पोटॅशियम बाहेर घालवते, पंपातील फॉर्मोटेरॉल ते थोडे खाली आणते आणि पुडीत स्टिरॉइड असेल तर तेही त्याच दिशेने ओढते. एका बादलीला चार छिद्रे पडल्यासारखी ही अवस्था आहे. रात्री पायात येणारे गोळे याचेच लक्षण असू शकतात, आणि पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. यात वैद्यांना दोष देऊ नका. रक्तदाबाच्या गोळीबद्दल त्यांना कळलेच नव्हते. कळले असते तर ज्येष्ठमधाऐवजी दुसरे काही त्यांनी नक्कीच काढून दिले असते.

म्हणूनच माझी तुम्हाला एकच मोठी विनंती आहे. वहीचा एक कागद घ्या, त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत तुमच्या तोंडात, नाकात आणि छातीत जाणारी प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहा, काढा आणि चाटणसुद्धा, आणि तोच कागद दोघांपुढे ठेवा. डॉक्टरांपुढे एक आणि वैद्यांपुढे दुसरा असे दोन कागद करू नका. वैद्यांना एक प्रश्न स्पष्ट विचारा : यात पारा, सोमल व मनशीळ (दोन्हींत आर्सेनिक असते) किंवा बचनाग (विषारी मुळी) असलेला कोणता रस आहे का? आज तुम्हाला दिलेल्यांत तसे काही नाही, पण दम्यावर श्वासकुठारासारखे रस दिले जातात आणि त्यांत यांतले काही घटक असतात. अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. त्यामुळे वैद्यांच्या हातून घ्या, पक्क्या बिलाने आणि परवाना क्रमांक पाहून घ्या, आणि जत्रेत, एस.टी. स्टँडवर किंवा नात्यागोत्यातून फिरत आलेले घेऊ नका.

गुळवेलीचा विचार सोडून द्या. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणे, हा समज करोनाच्या काळापासून फार पसरला आहे. वस्तुतः अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा परागकण, धूळकिडे, बुरशी अशा निरुपद्रवी गोष्टींना शत्रू समजून ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे बनवते, आणि मग हिस्टामिन सुटून शिंका व पाणी सुरू होते. दारातल्या प्रत्येक पाहुण्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला आणखी चिडवून उपयोग काय? शिवाय २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने ती दुसऱ्या, दिसायला सारख्या वेलीची गल्लत असावी असे म्हटले. बांधावरून वेल तोडून आणणाऱ्याला ती गल्लत टाळता येणार नाही, हे त्या वादातून मला तरी पुरेसे कळले.

रात्रीच्या गोळीतील मॉन्टेलुकास्टने काहींना भलतीसलती स्वप्ने पडतात, चिडचिड होते किंवा मन खचते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये याबद्दल सर्वांत ठळक इशारा दिला. तसे काही जाणवले तर उष्णता वाढली म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगा. त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी ठरली तर ही गोळी किती दिवस आधी थांबवायची तेही विचारून घ्या. लेव्होसेटिरिझिनमुळे अ‍ॅलर्जी असूनही चाचणी कोरी येऊ शकते. पंप आणि स्टिरॉइडचा स्प्रे मात्र त्यासाठी थांबवायचे नसतात.

गुऱ्हाळ तुमच्या दिरांचे असल्याने ते बंद करा असे मी लिहिणार नाही. पण चुलाण पेटते तेव्हा धूर कोणत्या दिशेने येतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्या बाजूच्या खिडक्या पहाटे आणि संध्याकाळी बंद ठेवा, झोपायची खोली घराच्या दुसऱ्या बाजूला हलवा, चुलाणात टायर किंवा प्लॅस्टिक घालू देऊ नका आणि शिवारात पाचट पेटवले असेल त्या दिवशी शाळेत जाताना मुखपट्टी लावा. २०१९ किंवा २०२१ च्या पुराचे पाणी घरात आले असेल, तर कपाटामागच्या आणि पलंगाखालच्या भिंतींवर काळी बुरशी आहे का ते पाहा. ती दिसली तर घासून, सुकवून मगच रंग द्या, नुसता वरून चुना मारू नका. सासूबाई ओवा-कापराची धुरी करत असतील तर तीही तुमच्या खोलीत नको. साधी वाफ चालेल, पण तिच्यात कापूर किंवा निलगिरी घालू नका. ओव्याची पुरचुंडी हुंगायला त्यांनी दिली तर हुंगा, त्याने बिघडत काही नाही आणि घरात शांतता राहते.

बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा डॉक्टरांनी सांगितलेले तातडीचे दाब घेऊनही आराम पडला नाही, तर काढा उकळत बसू नका, थेट दवाखान्यात जा. रात्र असली तरी कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो.

सासऱ्यांविषयी. जुन्या, दमट चिपाडाच्या ढिगात वाढणाऱ्या बुरशीसारख्या जिवाणूंची पूड श्वासातून गेल्यास काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप येते. ‘बगॅसोसिस’ नावाचा हा आजार फुप्फुसाच्या ऊतींनाच सुजवतो आणि वर्षानुवर्षे चालला तर फुप्फुसे कायमची कडक होतात. तुम्ही लिहिलेली वेळ त्याच्याशी जुळते, पण संध्याकाळच्या तापात क्षयही नाकारावा लागतो. म्हणून त्यांचा छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि फुप्फुसांची फुंकर-चाचणी करून घ्या. तोवर चिपाड उचलण्याचे काम दुसऱ्याकडे द्या आणि ढीग पावसात भिजणार नाही अशी सोय दिरांना करायला सांगा. आणि तुमचा पंप त्यांना ओढायला देऊ नका.